चौथ्या सवालाला भोपळा

आईनं ग्रामपंचायतीचा अर्ज भरला आणि माझ्यासाठी बावड्याची एक मुलगी बघायचं ठरवलं, ही दोन्ही कामं तिनं एकाच आठवड्यात उरकली. अर्जावर सही करताना तिचा हात कापत होता. मुलीच्या मामाला निरोप धाडताना मात्र अजिबात कापला नाही.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. ग्रामपंचायतीत बायकांसाठी राखीव जागा नव्यानं आल्या होत्या आणि आमच्या वॉर्डाची जागा बाईसाठी निघाली होती. आमचं गाव डाळजच्या पुढं, इंदापूरच्या अलीकडं, हायवेला चिकटून. गावाचा निम्मा धंदा येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांवर. आमच्या घरात एकेकाळी मेंढरं होती, ती आजोबांबरोबर संपली. मी नववीत असताना वडील गेले. राहिली दोन एकर रान, चार शेरडं, आई आणि मी. आई चौथी शिकलेली. वस्तीवरच्या नळाला पाणी येईना तेव्हा ती दहा-बारा बायका घेऊन पंचायतीच्या दारात रिकाम्या घागरी मांडून बसली होती, तेव्हापासून बायका तिच्या मागं लागल्या होत्या, "आक्का, तुमीच उभ्या ऱ्हावा." राहिली उभी. चिन्ह मिळालं छत्री.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. बारामतीत तीन वर्षं शिवणकाम शिकून गावात परत आलो होतो आणि हायवेच्या कडेला माझं लेडीज टेलरचं दुकान होतं. पत्र्याचं, एका मशीनचं. गावात आणखी एक टेलर होता, पण माईच्या घरातल्यांची मापं तो घेत नसे. टेप त्यांच्याकडं फेकायचा आणि म्हणायचा, तुमचं तुम्हीच घ्या.

माई म्हणजे आमच्या गावातल्या तृतीयपंथीयांच्या घरातली गुरू. पंक्चरच्या दुकानामागं दोन खोल्यांचं त्यांचं घर, आणि घरात माई धरून पाच जणी. हायवेच्या ढाब्यांवर, बाजाराच्या दिवशी इंदापुरात, लग्नाच्या घरी, असं मागून त्या जगायच्या. माई पन्नाशीची, जाड भिंगाचा चष्मा, आवाज भरदार. पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा दारातच थांबून तिनं विचारलं, "माप घेतोस का?"

"घेतो की," मी म्हणालो आणि टेप गळ्यातून काढला.

माप घेऊन होईपर्यंत ती माझ्याकडं बघत राहिली. मग अगदी सहज म्हणाली, "तू आमच्यातलाच हायस. निस्ता पँटीतला."

माझ्या हातून हुकांची डबी खाली पडली. दोघं मिळून हूक वेचत बसलो. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. माझ्यासारख्याला काय म्हणायचं, ते इंग्रजी अक्षरांतले शब्द तेव्हा आमच्यापर्यंत पोचले नव्हते. पण त्या दिवसानंतर दुपारचं काम कमी असलं की मी माईच्या ओसरीवर जाऊन चहा प्यायला लागलो. तिथं मला अंग चोरून बसावं लागत नसे.

निवडणूक लागली की माईच्या घराला एकदम भाव यायचा. प्रचाराच्या जीपमागं नाचायला, टाळ्या वाजवायला बोलावणी यायची. मतदान झालं की तीच माणसं नळावर त्यांच्या घागरी बाजूला सारायची. त्या वर्षी माई म्हणाली, "आता मी नाचणार न्हाय. माझं गुडघं गेलं. आता त्यांनी यावं हितं."

"येऊन काय करायचं?" तिची सगळ्यात धाकटी चेली म्हणाली. आम्ही तिला धाकटीच म्हणायचो. विशीतली, तोंडाची फटकळ.

उत्तर बाईंकडून आलं. बाई म्हणजे प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, बौद्ध वस्तीत राहायच्या. साडीला फॉल लावायला त्या माझ्याकडं आल्या होत्या आणि माई तिथंच बसलेली होती. बोलणं ऐकून बाई म्हणाल्या, "आमच्या वस्तीत उमेदवार आला की आम्ही त्याला विहारात बसवतो. सगळ्यांना तेच प्रश्न विचारतो. माझे वडील होते तेव्हापासूनची रीत आहे. हार-नारळ नंतर, आधी तोंडी परीक्षा. तुम्हीही घ्या."

"आमच्या परीक्षेला कोन बसंल, बाई?"

"मतं किती आहेत तुमची?"

"घरातली पाच."

"मागच्या खेपेला ह्या वॉर्डात तीन मतांनी निकाल लागलाय. सगळे बसतील."

माईनं मान वर केली आणि हसली. तिचं ते हसू अजून मला दिसतं.

पुढचे चार दिवस त्या ओसरीवर फक्त प्रश्न तयार करण्याचं काम चाललं. शेळगावहून देवीला सोडलेला एक जोगता यायचा, कपाळभर हळद आणि परडी खांद्याला. त्याचं मत आमच्या गावात नव्हतं. "मत नसंना, मार्क द्यायला काय जातंय?" म्हणून तो रोज सकाळच्या एसटीनं हजर. पहिल्या दिवशी तीसएक प्रश्न निघाले. त्यांत ढाबेवाल्याच्या शिव्यांपासून कोंबडीचोरापर्यंत सगळं होतं. बाईंनी छाटून तीन ठेवले. आमच्यातल्या कुणाला रस्त्यात मारलं तर आमच्याबरोबर चौकीवर याल का? रेशनकार्डावर आमच्या घरातल्या सगळ्यांची नावं एकत्र लावून द्याल का? आणि नळावर आम्ही कुठं उभं राहायचं?

"चार सवाल पायजेत," माई म्हणाली. "चौथा मी सांगते. तुमच्या पोटी आमच्यावानी लेकरू आलं, तर काय करताल?"

बाईंनी चष्मा पुसला आणि मला म्हणाल्या, "लिही."

एका प्रश्नाला दहा, एकूण चाळीस. पस्तीस टक्क्यांना पास, म्हणजे चौदा. माझं अक्षर बरं म्हणून वही माझ्याकडं. आणि हे सगळं झाल्यावर दोन दिवसांनी आईनं अर्ज भरला. मी वही घेऊन माईकडं गेलो आणि म्हणालो, दुसऱ्या कुणालातरी लिहायला सांगा, माझी आईच उभी आहे.

"मार्क आमी देनार," माई म्हणाली. "तू निस्तं लिवायचं. का पेन उचलत न्हाय?"

रविवारी दुपारी परीक्षा ठेवली. ओसरी सारवली होती. माई, जोगता आणि धाकटी सतरंजीवर, बाई खुर्चीवर, मी भिंतीला टेकून वही मांडीवर घेऊन. उमेदवार तीन.

पहिली आली गावातल्या मोठ्या बागाईतदाराची सून. तिच्याबरोबर नवरा, दीर आणि आणखी दोघं. माईनं पहिला प्रश्न तिला विचारला आणि उत्तर नवऱ्यानं दिलं. दुसरा विचारला, तेव्हाही तोच बोलला. बाई शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "अर्ज कुणाचा आहे? मग पेपरही त्यांनीच सोडवायचा. बाकीच्यांनी बाहेर थांबा." चार धडधाकट पुरुष उठून बाभळीखाली जाऊन उभे राहिले. ती पोर जेमतेम बावीस-तेवीसची असेल. पदर सारखा पुढं ओढत होती. नवरा बाहेर गेल्यावर तिनं पहिल्यांदा आमच्याकडं नीट बघितलं. चौथ्या प्रश्नावर बराच विचार करून ती हळूच म्हणाली, "सासूबाईंना इचारावं लागंल."

धाकटी फिस्सकन हसली. माईनं तिला डोळ्यांनी दटावलं आणि मला म्हणाली, "खरं बोलली. तीन दे." तिला एकूण अकरा मिळाले.

दुसरी किराणा दुकानदाराची बायको. सगळं गाव तिच्या नवऱ्याला तात्या म्हणायचं. बाभळीखालची हकिकत तात्यांच्या कानावर गेली असावी, कारण ते आपणहून पायरीवरच बसले. त्यांची बायको पाठ करून आली होती. "व्हय, येऊ. व्हय, करू. कार्डाचं तर उद्याच करू." चौथ्या प्रश्नालाही तिला अडायला झालं नाही. "आमच्या घराण्यात असलं काय होत न्हाय," ती म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं. तेरा.

मग आई आली. एकटी. लग्नकार्याला नेसायची ती हिरवी साडी नेसून, पायांत दुसऱ्या कुणाच्यातरी चपला. मला बघून तिनं न बघितल्यासारखं केलं. मीही मान खाली घातली.

"चौकीवर याल का, आक्का?" माईनं विचारलं.

"यीन. मला चौकीचं भ्या न्हाय. शेरडं चोरीला गेली तवा दोन दिस जाऊन बसले हुते. शेवटी हवालदारच म्हनला, बाई, जा घरी, हुडकतो."

जोगत्यानं आठ बोटं वर केली. मी आठ लिहिले.

"रेशनकार्ड?"

"त्येतलं मला कळत न्हाय. कुनाला भेटायचं, काय कागुद लागत्यात, शिकून घीन. व्हईल का न्हाय, आत्ता सांगत न्हाय." सहा.

"नळावर आमी कुठं उभं ऱ्हायचं?"

आईला हा प्रश्नच कळला नाही. "कुठं म्हंजी? घागर घिऊन आल्यावर मान्सानं कुठं उभं ऱ्हायचं? शेवटच्याच्या मागं."

धाकटीनं कडाडून टाळी वाजवली. पैकीच्या पैकी. मला इतका आनंद झाला की दहाचा आकडा मी दोनदा गिरवला. माझ्या आईला कुठल्या परीक्षेत पैकीच्या पैकी पडलेले मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि तीही.

मग माईनं चौथा प्रश्न विचारला. बाहेर हायवेवरून एकामागून एक चार-पाच ट्रक गेले. मी वहीत बघत होतो, पण आई माझ्याकडं बघत नाहीये हे मला कळत होतं. इतकं न बघणं मुद्दाम केल्याशिवाय होत नाही.

"लगीन लावीन त्येचं," ती शेवटी म्हणाली. "बायको आली, संसार लागला, की सुधरंल."

माईनं बाकीच्यांना विचारलंही नाही. माझ्याकडं वळून म्हणाली, "शून्य लिही."

मी लिहिलं. चोवीस झाले. तिघींत सगळ्यात जास्त. बाई आईला म्हणाल्या, "अभिनंदन, तुम्ही एकट्याच पास आहात." आईनं मान हलवली आणि चपला घालून निघून गेली.

संध्याकाळी मी घरी गेलो तर ती शेरडांना पाला टाकत होती. जेवायला वाढलं ते न बोलता. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढं भाकरी थापता थापता तिनं एकदम विचारलं, "मला यवढं सांग. बरुबर उत्तर काय हुतं?"

"कशाचं?"

"येड घिऊन पेडगावला जाऊ नगंस. तीन सवालात मी पयली आले आन चवथ्याला भोपळा. कुठं चुकले?"

"मार्क माईनं दिले, आई. मला काय ठाऊक?"

"तू लिवत हुतास. तुजा हात थांबला हुता. मी बगितलं."

मला त्या क्षणी उठून दुकानात जाता आलं असतं. किल्ली खिशातच होती. पण तिचा चेहरा एखाद्या पोराला वर्गात उभं केल्यासारखा झाला होता, खरंच उत्तर हवं असल्यासारखा. मी म्हणालो, "त्या लेकराला विचारायला पाहिजे होतं. तुला काय पाहिजे, म्हणून."

तिनं भाकरी उलटली. "आन ते काय म्हनलं असतं?"

"लगीन नको म्हणालं असतं."

"आत्ता नगं, का कधीच नगं?"

"कधीच."

भाकरी फुगली, तिनं ती काढून टोपल्यात टाकली, पुढची तव्यावर घातली. ती करपली तरी तिनं उलटली नाही. मग म्हणाली, "आन ती पोर? बावड्याची?"

"तिचं वाटोळं झालं असतं, आई. माझं झालं असतं ते वेगळंच."

आई माझ्याकडं वळली. डोळे धुरानं लाल होते, का कशानं, मला सांगता येणार नाही. ती चिडली होती. "मंग आदी का न्हाय सांगितलंस? शाळेत मास्तर आदी शिकिवत्यात, मंग परीक्षा घेत्यात. तू मला काय शिकिवलंस? एकदम वही घिऊन बसलास भिताडाला!"

मला हसू आलं. मग रडू आलं. दोन्ही एकदम झाल्यामुळं ठसका लागला आणि तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. माझ्या सव्वीस वर्षांतलं सगळ्यात अवघड बोलणं त्या तांब्याभर पाण्यात उरकलं. ती उठली, करपलेली भाकरी शेरडाला घातली आणि रानात गेली.

त्याच दिवशी दहा वाजता बाईंनी शाळेतला जुना फळा माझ्या दुकानाबाहेर लावला आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात तिघींचे मार्क लिहिले. नावं, चार प्रश्न, एकूण. मी बाईंना बाजूला घेऊन म्हणालो, आईचं शून्य तेवढं लिहू नका, नुसती बेरीज लिहा. "मग बेरीज कशावर विश्वास ठेवून वाचायची लोकांनी?" त्या म्हणाल्या आणि शून्य जरा मोठंच काढलं.

गाव लोटलं. कुणी हसत होतं, कुणी प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवत होतं. चौथा प्रश्न वाचताना आवाज खाली यायचा. बागाईतदाराची दोन माणसं फळा काढायला आली, तर फळ्याखाली माई पाय पसरून बसलेली. "काडा की," ती म्हणाली. "मला उचलून काडा." ती माणसं परत गेली. दुपारी तात्या आले, घामाघूम होऊन. "बाई, आमच्या हिनं सगळ्याला व्हय म्हनलं, तरी तेरा?"

"नुसतं हो म्हणायला मार्क नसतात, तात्या."

तात्यांनी फळा पुन्हा वाचला. मला वाटलं आता आईवरून काहीतरी ऐकवणार, स्वतःच्या आईला पोरानं पास केलं म्हणून. पण त्यांचं बोट शून्यावर थांबलं. "सोताच्या आईला भोपळा दिलास व्हय रं?" ते म्हणाले. त्या दिवसापासून गावात मी आईला भोपळा देणारा टेलर म्हणून ओळखला जाऊ लागलो, आणि त्यामुळं परीक्षा चोख झाली हे सगळ्यांनी मान्य केलं.

बुधवारी आई सकाळच्या एसटीनं बावड्याला गेली. एकटीच. दुपारी परत आली, पिशवीत त्यांनी दिलेली वांगी. मी विचारलं, काय सांगितलंस?

"म्हनलं, पोरगी सोन्यासारखी हाय. खोट आमच्याकडं हाय."

मला तो शब्द लागला. तिलाही दिसलं असावं. "तसं न्हाय म्हनलं तर त्या पोरीवर बोट आलं असतं," ती म्हणाली. "नाकारलेली म्हनून लोकांनी तिच्यातच काय तरी बगितलं असतं. म्हनून माज्या अंगावर घेतलं. तुज्या न्हाय, माज्या." आजही तो शब्द मला पूर्ण पटलेला नाही, आणि आजही तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही.

मतदानाला दोन दिवस राहिले होते तेव्हा ती माईच्या ओसरीवर गेली. मी तिथं होतोच. ती सतरंजीच्या कडेला बसली आणि म्हणाली, "चवथा सवाल परत इचारा."

बाई गोंधळल्या. "फेरपरीक्षा नापासांची असते. तुम्ही तर पहिल्या आहात."

"असूंद्या. इचारा."

"बसू द्या हो, बाई," माई म्हणाली आणि पुढं सरकून बसली. तिनं प्रश्न परत विचारला, तोच, पण या वेळी आवाज बारीक करून. "आक्का, तुमच्या पोटी आमच्यावानी लेकरू आलं, तर काय करताल?"

"उत्तर मला आजून येत न्हाय," आई म्हणाली. "लोकं काय म्हनत्याल त्येचं भ्या वाटतं. रात न् दिस वाटतं. पर त्येचं लगीन लावनार न्हाय. आन त्याला हिकडं यायाला आडवनार न्हाय. यवढंच येतं."

माईनं सतरंजीची सुरकुती हातानं सरळ केली. मग म्हणाली, "माज्या आयनं मला घराभाईर काडलं न्हवतं, आक्का. निस्तं माजं ताट येगळं केलं. शेरडांजवळ ठेवायची. तीन वर्सं मी त्यात जेवले, मंग आपली आपन निगाले." आणि मला म्हणाली, "पाच लिही. अर्धं उत्तर, अर्धं मार्क."

मी आईकडं बघितलं. पाच मिळाल्यावर ती जितकी खूश झाली तितकी नळाच्या दहावर झाली नव्हती. बाईंनी संध्याकाळी फळ्यावर शून्य पुसून पाच लिहिले आणि बाजूला कंसात 'फेरपरीक्षा' असं लिहायला विसरल्या नाहीत.

आई सहा मतांनी निवडून आली. आता त्यांतली पाच माईच्या घरची आणि सहावं माझं, असं धाकटी सगळ्यांना सांगत सुटली. खरं-खोटं कुणाला माहीत. गुलालात माईनं एकदाच गिरकी घेतली आणि गुडघा धरून खाली बसली.

त्या पाच वर्षांत आईनं काय केलं? नळावर रांग लावली आणि ती टिकली. पावसाळ्याच्या आधी एकदा ढाब्यावर दोन ट्रकवाल्यांनी धाकटीला मारलं, तेव्हा आई तिला घेऊन चौकीवर गेली. तिथल्या शिपायानं विचारलं, "तुमी हिच्या कोन?" "मेंबर," आई म्हणाली आणि बाकावर मांडी घालून बसली. तक्रार लिहून घेईपर्यंत उठली नाही. रेशनकार्डाचं मात्र तिला जमलं नाही. अडीच वर्षं खेटे घातले. प्रत्येक वेळी टेबलापलीकडचा माणूस विचारायचा, ह्या पाच जणींचं एकमेकींशी नातं काय लिहू? आईनं गुरू, बहीण, लेक, सगळं सांगून बघितलं. फॉर्म परत यायचा. शेवटी ती माईसमोर जाऊन म्हणाली, "ह्ये माज्याच्यानं झालं न्हाय." माई म्हणाली, "तुमी आदीच बोलला हुता, व्हईल का न्हाय सांगत न्हाय म्हनून. त्येचेच मार्क दिले हुते."

आमच्या दोघांत त्या विषयावर पुन्हा बोलणं झालं ते निवडणुकीनंतर दोन-एक वर्षांनी. ठोक भावात अस्तराचं कापड घ्यायला मी बारामतीला निघालो होतो, आणि आई म्हणाली मीपण येते. कापड घेतलं, दोरे घेतले, स्टँडवर येऊन गाडीची वाट बघत बसलो. इंदापूरची गाडी उशिरा होती. मी तिला भेळ आणून दिली. ती कागदातला एकेक शेंगदाणा वेचून खात होती. मध्येच म्हणाली, "तू हितं तीन वर्सं ऱ्हायलास. हितं कोन हुतं का तुजं?"

"होता," मी म्हणालो. "एका कापडाच्या दुकानात होता."

"मंग?"

"त्याचं लग्न झालं."

"तवाच तू गावाकडं आलास व्हय?"

"तेव्हाच."

तिनं हिशेब लावला असणार. त्या उन्हाळ्यात मी पंधरा दिवस भिंतीकडं तोंड करून पडून होतो आणि तिनं मला कावीळ झाली म्हणून मुळ्याचा रस पाजला होता. स्टँडवर कुणीतरी गाड्यांची नावं पुकारत होतं. तिनं भेळेचा कागद माझ्यापुढं धरला.

"मला सांगायचं हुतंस," ती म्हणाली. "मी काय केलं असतं ठावं न्हाय. पर मुळ्याचा रस तरी पाजला नसता. जरा शिरा केला असता."

तेवढ्यात आमची गाडी लागली. कापडाचा गठ्ठा मी खांद्यावर घेतला, आणि आई माझ्या आधी धावत जाऊन खिडकीतून पिशवी टाकून दोघांची जागा धरून बसली.